हेल कुठे गेली? : ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटाच्या प्रभावाचा प्रकरण अभ्यास

फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट १९२७ मध्ये बर्लिनला पहिल्यांदा दाखवला गेला. भविष्यातल्या शहराचं पडद्यावरचं कुठलंही चित्र घ्या. आभाळात घुसलेल्या इमारती, त्यांच्या मधून जाणारे पूल, वर श्रीमंत आणि खाली अंधारात राबणारे, हे सगळं मागे मागे शोधत गेलं की बहुतेक वेळा याच चित्रपटापाशी येऊन थांबतं. पण या वंशावळीत एक विलक्षण गोष्ट आहे. ज्यांनी ‘मेट्रोपोलिस’कडून घेतलं, त्यांच्यापैकी जवळपास कुणीच तो पूर्ण पाहिलेला नव्हता. प्रदर्शनानंतर काही महिन्यांतच त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा कापला गेला आणि त्यातला बराचसा भाग २०१० पर्यंत पडद्यावर परतलाच नाही. ऐंशीहून जास्त वर्षं जग एका अपुऱ्या चित्रपटाच्या प्रभावाखाली होतं.

म्हणून या प्रकरणात दोन प्रश्न एकत्र पाहायला हवेत. जगाने यातून काय उचललं, आणि जे कापलं गेलं होतं त्यामुळे काय उचलायचं राहून गेलं. माझं मत आधीच मांडून ठेवणं बरं: कापली गेलेली एक बाई, हेल, हाच या चित्रपटाचा गाभा होता. तिच्यावाचून जो यंत्रमानव जगभर फिरला, तो अर्धाच यंत्रमानव होता.

पाच पदरी शहर

कथा थोडक्यात अशी. मेट्रोपोलिस नावाचं महानगर योह फ्रेडरसन नावाचा एकच माणूस चालवतो. सर्वांत वर त्याचं कार्यालय आणि श्रीमंतांच्या मुलांच्या बागा. त्याखाली रस्ते. त्याखाली यंत्रं. यंत्रांच्याही खाली कामगारांची वस्ती, आणि तिच्याही खाली जुनी भुयारं, जिथे मारिया नावाची तरुणी कामगारांना धीर धरायला सांगते. फ्रेडरसनचा मुलगा फ्रेडर तिच्या मागे खाली उतरतो आणि आपल्या सुखाखाली काय गाडलेलं आहे ते पाहून हादरतो. मारियावरचा कामगारांचा विश्वास मोडावा म्हणून फ्रेडरसन रोटवांग या शास्त्रज्ञाला सांगतो, की तू बनवलेल्या यंत्राला मारियाचा चेहरा दे. ती खोटी मारिया कामगारांना भडकवते, यंत्रं फुटतात, वस्तीत पाणी शिरतं, मुलं बुडायला लागतात. शेवटी फ्रेडर बापाचा आणि कामगारांच्या मुकादमाचा हात एकमेकांच्या हातात देतो.

पटकथा लांगची पत्नी थेआ फॉन हार्बू हिची. ऊफा या जर्मन चित्रपट कंपनीने बर्लिनजवळच्या बाबेल्सबेर्ग स्टुडिओत मे १९२५ मध्ये चित्रीकरण सुरू केलं, ते ऑक्टोबर १९२६ पर्यंत चाललं. खर्च ठरवलेल्या रकमेच्या तिप्पटीपलीकडे, पन्नास लाख मार्कांवर गेला. १९२४ च्या शरदात न्यूयॉर्कच्या बंदरात जहाजावरून दिव्यांनी उजळलेल्या इमारती पाहिल्या आणि तिथेच हा चित्रपट सुचला, असं लांग नेहमी सांगत असे. पटकथेचं काम त्याआधीच सुरू झालेलं होतं. तरी न्यूयॉर्कचा ठसा चित्रांवर उमटला आहे, यात शंका नाही.

या चित्रपटाची कारागिरी सावकाश पाहण्यासारखी आहे, कारण प्रभाव पसरला तो आधी कारागिरीतून. शहराच्या प्रतिकृतीतल्या छोट्या गाड्या एकेका फ्रेमला हाताने थोड्या थोड्या सरकवून रहदारी उभी केली होती. काही सेकंदांच्या दृश्यासाठी कितीतरी दिवसांचं काम. ऑयगेन शुफ्टानने आरशाची एक युक्ती वापरली. कॅमेऱ्यासमोर पंचेचाळीस अंशांत आरसा ठेवायचा, त्यात बाजूला ठेवलेल्या प्रतिकृतीचं प्रतिबिंब पाडायचं आणि जिथे माणसं दिसायला हवीत तेवढ्याच भागातला आरशाचा पारा खरवडून काढायचा. त्या मोकळ्या काचेतून पलीकडचे खरे नट दिसतात आणि फिल्मवर टेबलाएवढी प्रतिकृती व जिवंत माणूस एकाच प्रचंड इमारतीत उभे राहतात. दोनच वर्षांनी आल्फ्रेड हिचकॉकने ‘ब्लॅकमेल’मध्ये ब्रिटिश म्युझियममधला पाठलाग याच युक्तीने उभा केला. म्हणजे चित्रपटाची कात्री अजून ताजी होती, तेव्हाच त्याचं तंत्र समुद्र ओलांडून गेलं होतं.

आणि तो यंत्रमानव. शिल्पकार वाल्टर शुल्झे-मिटेनडोर्फने मारियाचं काम करणाऱ्या ब्रिगिटे हेल्म या तरुण नटीच्या शरीराचा प्लास्टरचा साचा घेतला आणि त्यावर हवेत कडक होणाऱ्या लाकडी लगद्याचे तुकडे चढवले. वरून चांदीच्या रंगाची पूड मिसळलेला वार्निश फवारला. पडद्यावर थंडगार धातू दिसतो, पण ते लाकूड आहे. आतली नटीही तीच, ब्रिगिटे हेल्म. त्या कवचात तिला धड बसताही येत नसे. यंत्र खुर्चीतून उठून सावकाश चालत येतं, त्या चालीत जो जडपणा आहे तो अभिनयाचा किती आणि त्या पोशाखाचा किती, हे सांगता येणार नाही. कदाचित म्हणूनच ते दृश्य आजही अंगावर येतं.

कात्री

१० जानेवारी १९२७ ला ऊफा-पालास्ट या चित्रपटगृहात गोटफ्रीड हुपर्ट्झच्या वाद्यवृंद-संगीतासह पहिला खेळ झाला. फिल्मची लांबी ४,१८९ मीटर, म्हणजे सुमारे अडीच तास. पूर्ण चित्रपट बर्लिनमध्ये काही महिने चालला. गर्दी जमली नाही.

ऊफा तेव्हा आधीच कर्जात होती. डिसेंबर १९२५ मध्ये पॅरामाउंट आणि एमजीएम यांच्याशी करार करून तिने चाळीस लाख डॉलर घेतले होते आणि बदल्यात आपले चित्रपट अमेरिकेत कसे दाखवायचे याचा अधिकार बराचसा त्यांच्या हाती दिला होता. पॅरामाउंटने नाटककार चॅनिंग पोलॉक याला ‘मेट्रोपोलिस’ सोपा करायला बसवलं. त्याने कथा पुन्हा रचली, दृश्यांमधल्या संवादांच्या पाट्या नव्याने लिहिल्या आणि उपकथानकं उडवली. जर्मनीत ऊफा राष्ट्रवादी वृत्तपत्रमालक आल्फ्रेड हुगेनबेर्गच्या ताब्यात गेली आणि ऑगस्ट १९२७ मध्ये तिथेही ३,२४१ मीटरची छोटी प्रत आली. कापलेली रिळं जपून ठेवावीत असं कुणाला वाटलं नाही.

टीकाकारांनीही झोडपलं. विज्ञानकथा लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सने एप्रिल १९२७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये इतका मूर्ख चित्रपट आपण पाहिला नसल्याचं लिहिलं. त्याचा एक आक्षेप नेमका होता: यंत्रं वाढली की माणसाचे कष्ट कमी व्हायला हवेत, मग हे कामगार यंत्रांना का जुंपलेले? पुढे १९३६ च्या ‘थिंग्ज टू कम’ या आपल्या चित्रपटाच्या वेळी त्याने आपल्या चमूला बजावलं, की लांगने जे केलं त्याच्या उलट करा. ज्याच्या उलट जायचं म्हणून एखादा चित्रपट आखला जातो, त्याचाही तो प्रभावच. स्पॅनिश दिग्दर्शक लुईस बुन्युएलला मात्र यात पोटाशी चिकटलेले दोन चित्रपट दिसले. कथेवर तो वैतागला आणि चित्रांनी भारावून गेला.

बुन्युएलचं हे निरीक्षण पुढच्या ऐंशी वर्षांचं भाकीत ठरलं. कात्रीने कथेतले हेतू काढून टाकले आणि चित्रं ठेवली. उरलेला ‘मेट्रोपोलिस’ हा भव्य चित्रांचा संच झाला, आणि असा संच तुकड्यातुकड्यांनी उचलायला फार सोयीचा असतो.

तुकड्यांचा प्रवास

जपानचा ओसामु तेझुका हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. त्याने १९४९ मध्ये याच नावाची चित्रकथा काढली. त्याने चित्रपट पाहिला नव्हता. एका मासिकात छापलेलं यंत्रमानवाचं छायाचित्र तेवढं पाहिलं होतं. एका छायाचित्रावरून एक संपूर्ण पुस्तक झालं आणि २००१ मध्ये त्या पुस्तकावरून रिनतारोने दिग्दर्शित केलेला ॲनिमेशनपट आला.

जॉर्ज लुकासच्या ‘स्टार वॉर्स’मधला सोनेरी यंत्रमानव सी-थ्रीपीओ आधी चित्रकार राल्फ मॅक्वॉरीच्या चित्रात जन्मला आणि ते चित्र लांगच्या यंत्राकडे पाहून काढलेलं आहे, हे दोन्ही बाजूला ठेवले की लगेच कळतं. तिथे स्त्रीचा पुरुष झाला आणि भीतीचा विनोद. रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’मधल्या लॉस एंजेलिसच्या प्रतिकृतींचं चित्रीकरण करताना डेव्हिड ड्रायरने ‘मेट्रोपोलिस’ची स्थिरचित्रं समोर ठेवली होती. स्टॅन्ली कुब्रिकच्या चित्रपटातल्या डॉ. स्ट्रेंजलव्हचा काळा हातमोजा घातलेला बेताल हात रोटवांगच्या तशाच काळ्या हाताची आठवण करून देतो, हे समीक्षक अनेकदा सांगतात. जर्मनीच्या क्राफ्टवेर्क गटाने १९७८ मध्ये आपल्या ‘द मॅन मशीन’ या संग्रहातल्या एका रचनेलाच ‘मेट्रोपोलिस’ हे नाव दिलं.

१९८४ मध्ये संगीतकार जॉर्जो मोरोडेरने जेमतेम दीड तासांची, रंगांच्या छटा चढवलेली आणि रॉक गाण्यांची आवृत्ती काढली. तिच्यासाठी फ्रेडी मर्क्युरीने एक गाणं म्हटलं आणि त्याच वर्षी त्याच्या क्वीन या गटाच्या ‘रेडिओ गा गा’च्या चित्रफितीत लांगच्या शहराची दृश्यं झळकली. फ्रेडी झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, पाचगणीच्या निवासी शाळेत शिकलेला. त्या चित्रफितीत कामगारांच्या रांगांप्रमाणे उभा असलेला जमाव एका तालात टाळ्या वाजवतो. लांगच्या चित्रपटात ती रांग गुलामीची आहे, इथे ती उत्सवाची झाली. १९८९ मध्ये मॅडोनाच्या ‘एक्स्प्रेस युअरसेल्फ’च्या चित्रफितीत डेव्हिड फिंचरने यंत्रं, पाऊस आणि घामाने निथळणारे कामगार पुन्हा उभे केले.

या सगळ्यांनी मनापासून घेतलं आणि चांगलं घेतलं. मला त्यात चोरी दिसत नाही. पण काय घेतलं ते पाहा: शहराची उंची, यंत्राचा चेहरा, माणसांची रांग, काळा हात. रोटवांगने ते यंत्र कशासाठी बनवलं, हे कुणाच्याच वाट्याला आलं नाही. ते पडद्यावर नव्हतंच.

हेल

मूळ चित्रपटात रोटवांगच्या घरात पडद्याआड एका स्त्रीच्या चेहऱ्याचं प्रचंड दगडी स्मारक आहे. ती हेल. रोटवांगचं तिच्यावर प्रेम होतं. ती फ्रेडरसनची झाली आणि फ्रेडरला जन्म देताना गेली. स्मारकावर हे सगळं कोरलेलं आहे. फ्रेडरसन येतो, पडदा सारून ते पाहतो आणि दोघा म्हाताऱ्यांमध्ये जुनं वैर उसळतं. मग रोटवांग विजयाने सांगतो, की माझ्यासाठी हेल मेलेली नाही. तिला परत आणण्यासाठी त्याने यंत्र बनवलं आहे आणि त्या कामात आपला उजवा हात गमावला आहे. तो काळा हातमोजा त्याच किमतीची खूण आहे.

पोलॉकने हे कथानक उडवलं. हेल हे नाव पाटीवर आलं की इंग्रजी प्रेक्षकाला नरक आठवेल आणि तो हसेल, हे त्याचं कारण. एका नावाच्या अडचणीपायी चित्रपटातली सर्वांत मोठी प्रेरणा गेली. नव्या आवृत्तीत रोटवांग कामगारांची जागा घेणारं यंत्र बनवणारा वेडा संशोधक उरला. त्याचं दुःख गेलं, सूड गेला, हाताची किंमतही गेली.

याचे परिणाम मला फार दूरवर दिसतात. पडद्यावरच्या यंत्रस्त्रीची जी ठरीव प्रतिमा झाली, ती मोहक, फसवी आणि जाळून टाकण्यासारखी. मूळ चित्रपटात ती आधी एका शोकाची निर्मिती आहे. फ्रेडरसन तिला मारियाचा चेहरा द्यायला लावतो, तेव्हा तो रोटवांगकडून हेल दुसऱ्यांदा हिरावून घेतो, आणि म्हणूनच रोटवांग त्या यंत्राला फ्रेडरसनच्याच शहरावर सोडतो. हा धागा काढला की खोटी मारिया नुसती दुष्ट उरते.

तेझुकाकडे परत जाऊ. १९५२ मध्ये त्याने आपली सर्वांत प्रसिद्ध मालिका सुरू केली, जी जगात ‘अॅस्ट्रो बॉय’ म्हणून ओळखली जाते. त्यातला डॉक्टर तेन्मा अपघातात गेलेल्या मुलाच्या जागी यंत्राचा मुलगा बनवतो. हे हेलचंच कथानक आहे, आणि ते त्याला ‘मेट्रोपोलिस’मधून मिळालं असण्याचा संभव जवळपास नाही. कापून फेकलेला धागा दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या देशात, आपोआप सापडला. यंत्रमानवाच्या कल्पनेत गेलेल्या माणसाला परत आणण्याची इच्छा इतकी खोल बसलेली आहे.

आजचं चित्र तर सगळ्यांसमोर आहे. गेलेल्यांच्या संदेशांवरून त्यांच्यासारखं बोलणारे चॅटबॉट बनतात, त्यांचे आवाज पुन्हा घडवले जातात. २०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात एका आईला तिच्या गेलेल्या लेकीच्या आभासी रूपाला भेटवलं गेलं. यंत्र कामगाराची जागा घेईल ही ‘मेट्रोपोलिस’ने पसरवलेली भीती खरीच आहे. पण यंत्र आपल्या माणसाची जागा घेईल का, हा प्रश्नही त्याच चित्रपटात पहिल्यापासून होता.

ब्युनोस आयरेसचे डबे

कात्री लागण्याआधीच आडोल्फो विल्सन नावाच्या वितरकाने पूर्ण लांबीची एक प्रत अर्जेंटिनाला नेली होती. तिथून ती मान्युएल पेन्या रोद्रिगेस या समीक्षकाच्या संग्रहात गेली, पुढे सरकारी कला निधीकडे आणि १९९२ मध्ये ब्युनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात. मधल्या काळात, मूळ नायट्रेट फिल्म पेट घेते म्हणून तिची १६ मिलिमीटरची प्रत काढण्यात आली. घाईत काढलेल्या त्या प्रतीत जुन्या ओरखड्यांचीही नक्कल झाली आणि चौकटीचा कडेचा भाग कापला गेला.

इकडे जर्मनीत एन्नो पाटालास म्युनिकच्या संग्रहालयात वर्षानुवर्षं तुकडे जुळवत होता. हुपर्ट्झच्या संगीताच्या प्रतीवर दृश्यांच्या हजाराहून अधिक खुणा होत्या; त्यांवरून आणि सेन्सॉरच्या नोंदींवरून त्याने १९८७ मध्ये क्रम लावला. म्हणजे हेल कोण हे अभ्यासकांना माहीत होतं. २००१ मध्ये मार्टिन कोएर्बरच्या देखरेखीखाली नवी प्रत झाली. तिच्यात हरवलेल्या दृश्यांच्या जागी मजकुराच्या पाट्या होत्या. त्याच वर्षी युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत हा चित्रपट गेला, तिथे जाणारा पहिला चित्रपट.

अर्जेंटिनाच्या फर्नांदो पेन्याने एका जुन्या फिल्म क्लब चालकाकडून एक किस्सा ऐकला होता. ‘मेट्रोपोलिस’ची प्रत प्रोजेक्टरमध्ये नीट बसेना, म्हणून दोन तासांहून जास्त वेळ बोट दाबून धरावं लागलं. ऐकणाऱ्या दुसऱ्या कुणी ते विसरून टाकलं असतं. पेन्याच्या डोक्यात आकडा अडकला: उपलब्ध प्रती एवढ्या लांब नव्हत्या. त्याने वर्षानुवर्षं ती प्रत पाहू द्या म्हणून मागणी केली. २००८ मध्ये पाउला फेलिक्स-दिदिएर संग्रहालयाची संचालक झाली आणि दोघांनी मिळून डबे उघडले. सुमारे पंचवीस मिनिटं सापडली. १२ फेब्रुवारी २०१० ला बर्लिन आणि फ्रांकफुर्टमध्ये एकाच वेळी जिवंत वाद्यवृंदासह नवी प्रत दाखवली गेली.

हा भाग आपल्याला अधिक टोचायला हवा. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, उरले ते बोटांवर मोजावेत इतकेच. ‘आलम आरा’ची एकही प्रत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे गोळा केलं ते नसतं, तर फाळक्यांचंही फार थोडं हाती लागलं असतं. २००३ मध्ये पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत नायट्रेटच्या कितीतरी प्रती गेल्या. अर्जेंटिनाची ती ओरखड्यांची, कडा कापलेली १६ मिलिमीटरची प्रत कितीही वाईट असो, ती होती.

शेवट, आणि बेळगुंदीचे तेंडुलकर

या चित्रपटाचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे शेवट. मेंदू आणि हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करायची, आणि मालक व मुकादम हस्तांदोलन करतात. ज्यांची मुलं बुडता बुडता वाचली त्यांच्या आयुष्यात काय बदललं? काहीच नाही. नाझींना हे समेटाचं चित्र आवडलं, यात नवल नाही. लांगनेही पुढे हा शेवट आपल्याला पटत नसल्याचं म्हटलं. तो १९३३ मध्ये जर्मनी सोडून गेला. हार्बू राहिली, आणि पुढे नाझी पक्षाची सदस्य झाली.

मराठी वाचकासाठी इथे एक खरा दुवा आहे. लांगपासून वेगळी झाल्यावर हार्बूने गुप्तपणे ज्यांच्याशी लग्न केलं ते आयी गणपत तेंडुलकर, बेळगावजवळच्या बेळगुंदीचे, बर्लिनमध्ये शिकणारे पत्रकार, तिच्याहून बऱ्याच वर्षांनी लहान. युद्धाच्या तोंडावर ते भारतात परतले, पुढे इंग्रजांच्या तुरुंगात गेले, आणि १९४५ मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या साक्षीने इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांची मुलगी लक्ष्मी धौल यांनी या तिघांच्या आयुष्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आहे. आपण पक्षात गेलो ते जर्मनीतल्या भारतीयांना मदत करता यावी म्हणून, असं हार्बू नंतर सांगत असे. तेवढंच कारण होतं, हे मला पटत नाही. तिने नाझी राजवटीत भरपूर आणि राजीखुशीने काम केलं. तरी हेलची कल्पना, तो दगडी चेहरा आणि त्यावरचा मजकूर तिच्या पटकथेतला आहे, आणि पोलॉकच्या कात्रीने सर्वांत जास्त नुकसान झालं ते तिच्या लेखनाचं. शेवटाचा दोष तिला देताना याचंही श्रेय तिला द्यायला हवं.

कुठली प्रत पाहावी

जानेवारी २०२७ मध्ये या चित्रपटाला शंभर वर्षं होतात. मुंबई-पुण्यापासून पणजीपर्यंतच्या फिल्म सोसायट्या तो दाखवतील तेव्हा २०१० ची, जवळपास दोन तास पंचवीस मिनिटांची, हुपर्ट्झच्या संगीताची प्रत मागवावी. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या बहुतेक प्रती जुन्या, कापलेल्या आहेत. नव्या प्रतीत अर्जेंटिनाचे तुकडे लगेच ओळखू येतात: चित्र धुरकट होतं, कडेला काळी पट्टी येते, ओरखड्यांचा पाऊस पडतो. प्रेक्षकांना खेळाआधी एवढं सांगावं, म्हणजे काय परत मिळालं ते त्यांना स्वतःच दिसेल. हेलच्या स्मारकाचं दृश्य त्यात आहे. फ्रेडरसन आणि रोटवांग यांची झटापट, जिच्यात मारिया निसटते, ती अजूनही सापडलेली नाही. तिच्या जागी आजही पाटीच येते.